हिरव्या पट्टीचं पेन

दंतविभागाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीपलीकडे, एक बिनखिडकीची खोली आहे. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या टाकत. लेसरचं यंत्र आलं तेव्हा त्याचा उजेड येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून बंदिस्त जागा हवी असं ठरलं. खुर्च्या बाहेर पडल्या आणि त्यांच्या जागी दिवेबाई आत आली.

दिवेबाई हे तिचं नाव नव्हे. ते ठेवलं तिच्या नणंदेनं, थट्टेत, पहिल्याच दिवशी. आणि कसं कोण जाणे, आठवडाभरात ते घरातून विभागापर्यंत पोचलं. त्याआधी कितीतरी वर्षं ती वरच्या मजल्यावर वाफेच्या खोलीत होती. चिमटे, आरसे, सुया धुवायच्या, कागदी पिशव्यांत भरायच्या, वाफेच्या यंत्रात लावायच्या. एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या तोंडात जाता कामा नये, एवढा एकच धर्म त्या खोलीत होता, आणि तो तिच्या हाडीमाशी मुरला होता. घरी ती पाणी प्यायचं भांडंसुद्धा दोनदा विसळायची. नवरा म्हणायचा, हिच्या हातून ओरखडा उठला तरी चिघळायचा नाही.

खालचं काम दिसायला सोपं होतं. माणूस खुर्चीत बसला की दार आतून लावायचं. बाहेर लाल दिवा लागायचा. त्याच्या डोळ्यांवर गडद चष्मा, आपल्या डोळ्यांवर गडद चष्मा. मग यंत्राला जोडलेलं जाडसर पेन हातात घ्यायचं, त्याचं टोक गालाच्या आतल्या बाजूला टेकवायचं, बटण दाबायचं आणि यंत्र बारीक आवाज करेपर्यंत हात तसूभर हलू द्यायचा नाही. आवाज झाला की बोटभर पुढे सरकायचं. पुन्हा बटण, पुन्हा थांबणं. समोरच्याला बोलता येत नाही, कारण तोंड उघडं. बघता येत नाही, कारण डोळे झाकलेले. दिवेबाईला सुरुवातीला वाटायचं, इतक्या जवळून इतक्या गप्प माणसांकडे जगात दुसरं कोणी पाहत नसेल. नंतर वाटायला लागलं की त्या खोलीत बसलेला माणूस आणि ती, दोघंही कुणीतरी दार उघडायची वाट पाहत असतात. कडी तिच्याच हाताशी असायची, तरीही.

तिथे येणाऱ्या सगळ्यांचं दुखणं एकच. गालाच्या आत पांढरी जाळी, बारीक लेस विणावी तशी, आणि जाळीच्या घरांतून लालभडक सोललेली कातडी. तिखट जाऊ द्या, कोमट पाणीसुद्धा झोंबतं. विभागाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिला कारण समजावलं होतं. शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, पहारेकऱ्यांसारख्या. या माणसांत कुठेतरी गैरसमज होतो. पहारेकरी तोंडाच्या अस्तराखाली थव्यानं जमतात आणि शत्रू समजून घरच्याच माणसांना चावायला लागतात. मलम लावलं की काही दिवस पांगतात, मलम थांबवलं की पुन्हा जमतात. हा मंद लेसर कापत नाही, जाळत नाही. तो या जमावाला शांत करतो का, आणि करत असेल तर त्यातल्या कोणत्या पेशी पांगतात, कोणत्या डागडुजीच्या कामाला लागतात, हे बाईंना बघायचं होतं. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. सुरुवातीला गालातून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा, शेवटी पुन्हा एक काढायचा, आणि दोन्ही काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली शेजारी शेजारी ठेवायचे.

अट एकच, पण तीच सगळ्यात महत्त्वाची. पेनं दोन होती. एकाला हिरवी पट्टी, एकाला पिवळी. दोन्हींच्या टोकाला सारखाच लाल ठिपका दिसायचा, दोन्ही सारखाच आवाज करायची. पण एकातूनच खरा लेसर यायचा. दुसरं नुसतं सोंग. कोणतं खरं हे फक्त वरच्या कार्यालयातल्या एका माणसाला माहीत. कोणाला कोणतं पेन द्यायचं ते तोच ठरवायचा आणि बंद पाकिटातून चिठ्ठी खाली पाठवायचा. बाईंना माहीत नाही, काचा तपासणाऱ्यांना माहीत नाही, दिवेबाईला माहीत नाही, खुर्चीतल्याला तर नाहीच. बाई म्हणायच्या, आपल्याला कळलं की आपले डोळे फितूर होतात. बरं वाटावं असं वाटतं तिथे बरं दिसायला लागतं.

आता नणंदेबद्दल. नवऱ्याची मोठी बहीण, ताई. लग्न केलं नाही, भावाच्या संसारात राहिली, पण कोणाच्या मिंधेपणात नाही. ती बसस्थानकावर निवेदन करायची. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली, कोणती रद्द झाली, कोणाचं लहान मूल चौकशीच्या खिडकीशी रडत बसलं आहे. गावभर तिचा आवाज ओळखीचा आणि चेहरा कोणाच्याच ओळखीचा नाही. भाजीच्या दुकानात ती घासाघीस करायला लागली की पोरंटोरं मान वळवून बघायची, ही बाई कुठे ऐकलीय. गाड्या खोळंबल्या, लोक खिडकीच्या जाळीवर मुठी आपटायला लागले, की तिचे साहेब स्वतः माईकजवळ जायचे नाहीत, ताईला पुढे करायचे. आणि ती आवाज चढवायच्या ऐवजी उतरवायची. इतका, की ऐकण्यासाठी लोकांना गप्प व्हावं लागे.

गेल्या वर्षभरात त्याच तोंडात पांढरी जाळी पसरली. ताईनं आधी लपवलं. मग जेवताना ताट घेऊन स्वयंपाकघरात उभ्यानं खायला लागली, गाल आतून सोलले की डोळ्यांत पाणी येतं ते भावाला दिसू नये म्हणून. मलमावर दिवस ढकलत होती. दिवेबाईनंच एका संध्याकाळी विषय काढला. काढला कसला, फुशारकी मारली. आमच्या खोलीत असं यंत्र आहे, अशी माणसं येतात, तोंड वाकडं करून येतात आणि हसत जातात. सगळीच हसत जातात असं नव्हतं, हे तिला माहीत होतं. पण ताईचा हिरमुसलेला चेहरा समोर होता आणि आयुष्यात पहिल्यांदा ताईला देण्यासारखं काहीतरी तिच्या हातात होतं.

नात्यातलं माणूस चालेल का, असं तिनं बाईंना रीतसर विचारलं. बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, तुम्हालाच माहीत नाही कोणतं पेन कसलं, मग नातं कुठे आडवं येणार. बाईंनी ताईला सगळं समजावलं. दोन पेनं, एक खरं, एक सोंग. मलम पूर्ण बंद करावं लागेल. सहन झालं नाही तर कोणत्याही दिवशी सोडून जायची मुभा आहे, कारण सांगायचीही गरज नाही. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि त्या पहारेकऱ्यांच्या गोष्टीपाशी अडकली.

"म्हणजे आमच्या स्टँडसारखंच की," ती म्हणाली. "गाडी लागली नाही की लोक चौकशीवाल्यालाच मारायला धावतात. त्यांना वाटतं त्यानंच लपवून ठेवलीय."

बाई हसल्या, म्हणाल्या, अगदी तसंच. ताई म्हणाली, मग मंद आवाजात सांगून बघायला हवं, दुसरा इलाज नाही. आणि तिनं सही केली. गालातून तुकडा काढला. दोन दिवसांनी चिठ्ठी खाली आली. हिरवं.

काचा तपासणाऱ्या गृहस्थांना विभागात भिंगवाले म्हणत. भला माणूस, दुपारी डबा खाताना दिवेबाईला कधी कधी वर बोलवायचे आणि काच दाखवायचे. कोणाची ते त्यांनाही माहीत नसायचं, नुसता आकडा. तिनं डोळा लावला की गुलाबी रंगाचा एक पट्टा दिसायचा, तो तोंडाच्या कातडीचा, आणि त्याच्याखाली निळ्या ठिपक्यांची दाट गर्दी, बंद दाराला धडका मारणाऱ्या लोकांसारखी. त्यात जरा मोठे, दाणेदार ठिपकेही असायचे. भिंगवाले म्हणायचे, हे दाणेवाले फुटले की बाकीच्यांना हाका जातात. एक दिवस दिवेबाईला उगीच वाटलं की ही काच ताईची. ती बराच वेळ बघत राहिली. भिंगवाले म्हणाले, अहो, जेवून घ्या, ते काही पळून जात नाहीत.

नियम असा होता की काम झालं की पेन स्टँडवर ठेवायचं, मधली विश्रांती होऊ द्यायची आणि मग स्पिरिटनं टोक पुसायचं. दिवेबाई नियम पाळायची. पण एक दिवस गर्दी फार होती, लोक बाहेर बाकावर ताटकळले होते, आणि तिचा वाफेच्या खोलीतला हात मोकाट सुटला. पेन तोंडातून निघालं की लगेच पुसायला सुरुवात, आणि तेही नुसतं टोक नाही. पुढची धातूची कडी, मान, पार पट्टीपर्यंत. तिच्या धर्मात अर्धवट पुसणं नव्हतं. पिवळ्या पेनावर बोळा फिरवला आणि स्पिरिट पाहता पाहता उडून गेलं. कडी बोटाला कोमट लागली. पुढच्याला हिरवं होतं. त्याची कडी पुसली. ती ओलीच राहिली. बोटाला गार. तिला वाटलं, स्पिरिट कमीजास्त झालं असेल. तिसऱ्याला पुन्हा पिवळं. पुन्हा कोमट.

तिनं हात मागे घेतला, भाजल्यासारखा. पण कळलेलं परत न कळलेलं करता येत नाही. त्या दिवशी उरलेली माणसं तिनं नियमानं केली, थांबून, मोजूनमापून पुसली. दुसऱ्या दिवशी मात्र तिचं बोट आपणहून कडीवर गेलं. पिवळं जिवंत, हिरवं मेलेलं. ताईचं हिरवं.

त्यानंतर ती खोली तिला आणखी लहान वाटायला लागली.

ताई आठवड्यातून दोनदा यायची, स्थानकावरची पाळी संपवून, केस नीट बांधून, जणू कोणाच्या घरी बोलावणं आहे. खुर्चीत बसायची, चष्मा चढवायची, तोंड उघडायची. दिवेबाई हिरवं पेन तिच्या गालाला टेकवायची आणि हात तसूभरही न हलवता उभी राहायची. मेलेला लाल ठिपका, आणि त्याच्यासाठी एवढी काळजी. बटण, थांबणं, आवाज. पुढे सरकणं. पहिल्या काही वेळा ताई उठताना गाल चाचपून म्हणायची, फरक आहे हं. घरी भावाला सांगायची, तुझ्या बायकोच्या हाताला गुण आहे. नवरा खूश व्हायचा. एकदा तर त्यानं शेजारच्या शिंप्याला उंबरठ्यावर उभं करून सगळं यंत्र समजावून सांगितलं, स्वतः कधी न पाहिलेलं. दिवेबाई आत भांडी विसळत होती. तिसऱ्यांदा.

सांगावं, तर कोणाला? बाईंना सांगितलं तर दोन वर्षांचा खटाटोप तिच्या एका बोटामुळे वाया जाणार, आणि तिची रवानगी कुठे होईल कोण जाणे. ताईला सांगितलं तर कोणाला काही न सांगण्याच्या ज्या शब्दावर दिवेबाईला त्या खोलीत ठेवलं होतं तो शब्द मोडला. गुपचूप पेन बदलायचं एकदा तिच्या मनात येऊन गेलं. ताईच्या तोंडात पिवळं धरायचं, कोण बघतंय. तिनं पिवळं उचललंही. मग तिला भिंगवाल्यांची काच दिसली. उद्या तिथे निळे ठिपके पांगलेले दिसतील आणि त्यावर लिहिलं जाईल की हिरव्यानं पांगले. कितीतरी तोंडांबद्दल ते खोटं पसरेल. तिनं पिवळं खाली ठेवलं आणि हिरवं घेतलं, आणि ताईनं तोंड उघडलं.

मग फरक ओसरला. मलम बंद होऊन बरेच दिवस झाले होते. जमाव परतला. ताईच्या जिभेच्या कडेलाही चट्टा उमटला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मऊ भातसुद्धा ती गार करून, घोट घोट दुधासारखा घ्यायची. आणि आवाज. बसस्थानकावर उभ्या असलेल्या कोणालाही कळलं नसतं, पण दिवेबाई एकदा घरी जाताना तिथे मुद्दाम थांबली तेव्हा तिला कळलं. ताई शब्द तोडून बोलत होती, जीभ गालाला लागू नये अशा बेतानं, काचा पसरलेल्या अंगणातून चालावं तशी. एका गाडीचा फलाट तिनं सांगितला आणि मध्येच थांबली. माईक चालू होता. तो रिकामा सुस्कारा गावभर ऐकू गेला. लोकांनी वर कर्ण्याकडे पाहिलं.

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी ताईला बोलावून घेतलं. तिचा जुना आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला आहे, आकडे जोडून यंत्रच बोलेल, तिनं आता मागे बसून पासांवर शिक्के मारावेत, असं काहीसं ते म्हणाले, आणि ते प्रेमानं म्हणाले, हे ताईला जास्त लागलं. घरी येऊन तिनं सांगितलं, "मला घरी बसवून माझाच आवाज कामाला लावतायत. मी मेल्यावर तरी रजा देतील की नाही त्याला?" आणि हसली, आणि हसताना गाल ताणला गेला म्हणून डोळे मिटून घेतले. साहेबांनी तिला महिन्याभराची मुदत दिली होती. तोवर तोंड बरं झालं तर माईक तिचा.

त्या दिवसापासून दिवेबाईनं सुरुवात केली. ताई, सोडून द्या. मलमावर जा. ताई म्हणायची, का गं, तूच आणलंस ना मला. दिवेबाई म्हणायची, प्रत्येकाला लागू पडतंच असं नाही. ताई म्हणायची, बाई म्हणाल्यात वेळ लागतो. नवरा मध्ये पडायचा आणि नेमका चुकीच्या बाजूनं. धीर धर म्हणायचा, घरचा माणूस यंत्रावर असताना घाबरायचं काय. दिवेबाईनं एकदा चिडून म्हटलं, यंत्र घरचं नाही. दोघं बहीणभाऊ तिच्याकडे बघत राहिले. तिनं विषय बदलला. आपणच विणलेल्या जाळ्यात आपणच अडकलो आहोत आणि प्रत्येक हिसक्यानं गाठ आवळतेय, हे तिला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

पुढच्या वेळी ताई आली ती पाळी अर्धी टाकूनच. खुर्चीत बसली, चष्मा लावला, पण तोंड उघडलं नाही. बाहेर लाल दिवा लागला होता. दार बंद होतं.

"एक विचारू?" ताई म्हणाली. "तुला ओरडणार नाही. माझं पेन खरंय का?"

दिवेबाई चष्म्याआडून चष्म्याकडे पाहत राहिली. मला माहीत नाही, हे वाक्य तिच्याजवळ तयार होतं. तेच खरं असायला हवं होतं. काही आठवड्यांपूर्वी ते खरं होतंही.

तिनं पिवळं पेन उचललं, ताईचा डावा हात उलटा केला आणि टोक तळव्यावर टेकवून बटण दाबलं. आवाज होईपर्यंत थांबली. पुन्हा दाबलं. पुन्हा थांबली. चार-पाच वेळा झाल्यावर तिनं पेनाची धातूची कडी ताईच्या बोटांत दिली. मग हिरवं घेतलं. तितक्याच वेळा बटण, तितकंच थांबणं, आणि कडी उजव्या हाताच्या बोटांत. ताई दोन्ही हातांत दोन पेनं धरून, डोळ्यांवर काळा चष्मा लावून, आंधळ्या माणसानं काहीतरी तोलावं तशी बसून राहिली.

"हं," ती म्हणाली. "कधीपासून?"

"दुसऱ्या आठवड्यापासून."

ताईनं पेनं परत दिली. दिवेबाईला वाटलं, आता ती चष्मा काढेल, उठेल, दार आपटेल. ताई म्हणाली, "बिचारी. रोज अशी उभी राहायचीस, हात न हलवता." एवढंच. मग तिनं चष्मा काढला, केसांवरून हात फिरवला आणि विचारलं की बाई कुठे बसतात.

बाईंसमोर तिनं जे केलं ते दिवेबाईनं दाराबाहेरून ऐकलं. ताई म्हणाली, मला हे सोडायचंय. बाई म्हणाल्या, जरूर, कारण सांगायची गरज नाही. पण ताईला कारण सांगितल्याशिवाय राहवेना, आणि खरं कारण तर सांगायचं नव्हतं. तेव्हा ती म्हणाली, चष्मा नाकाला टोचतो. इतकी वर्षं नाकाला काही लावलं नाही, आता या वयात व्रण नको. बाईंनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं असावं. मग मलम लिहून दिलं, तोंड धुवायचं औषध दिलं आणि पुन्हा कधी यायचं ते सांगितलं. ताई बाहेर आली आणि दिवेबाईच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेली, न थांबता, अनोळखी माणसाला वाट विचारून झाल्यासारखी.

सुटलो, असं दिवेबाईला वाटायला हवं होतं. ती खाली आली. बाकावर घड्याळजी बसले होते. म्हातारे, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले, बारीक कामाची सवय, बोटांना सतत काहीतरी दुरुस्त करायचं असे. आत्ताही चष्म्याची काडी घट्ट करत होते. त्यांची चिठ्ठी हिरव्याची. त्यांनी तोंड उघडलं. जाळी, आणि जाळीत लाल. दिवेबाईनं पेन टेकवलं आणि तिच्या लक्षात आलं की ताई गेली तरी खुर्ची रिकामी झालेली नाही. नात्यातली एक तिनं दाराबाहेर काढली होती. बाकीच्यांचं काय? त्यांची कोणी वहिनी यंत्रावर नव्हती. होता फक्त तिच्या स्थिर हातावरचा विश्वास. घड्याळजी उठताना म्हणाले, जळजळ आहेच, पण तुमचा हात फार हलका. तिनं हिरवं पेन स्टँडवर ठेवलं आणि ती थेट वर गेली.

बाई कागदांत डोकं घालून बसल्या होत्या. दिवेबाई म्हणाली, बाई, माझी चूक झालीय. मी पुसताना थांबले नाही. तिनं कडीचं सांगितलं, बोटाचं सांगितलं, ताईच्या तळहाताचंही सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, त्या रागावल्या असत्या तर बरं, असं दिवेबाईला वाटलं.

"म्हणून मला माहीत आहे बाई," ती म्हणाली, "की ते जे गार..."

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी हात वर केला होता. "कोणतं ते सांगू नका. मला रोज ही तोंडं तपासायची आहेत. तुम्ही सांगितलंत की मीही तुमच्याइतकीच अडकले."

बाई उठून खिडकीशी गेल्या, परत आल्या. म्हणाल्या, हे वरच्या समितीला कळवावं लागेल. तुम्हाला त्या खोलीतून काढावं लागेल. शिक्षा म्हणून नाही, पण काढावं लागेल. काचा तपासणाऱ्यांना काही माहीत नाही, त्यामुळे सगळंच वाया गेलं असं नाही. मग तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि एक विचारते. जे गरम होतं तेच खरं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं.

"यंत्र बनवणारे वेडे नसतात," बाई म्हणाल्या. "कोणी पुसेल, कोणी हात लावेल, हे त्यांनाही सुचत असेल. सोंगाच्या पेनात मुद्दाम ऊब ठेवली असेल. नसेलही. मला ठाऊक नाही, आणि अभ्यास संपेपर्यंत मी विचारणारही नाही. तुम्हीही विचारू नका."

दिवेबाई जिना उतरायला लागली. इतके दिवस जे ओझं होतं त्याला निदान आकार होता. पिवळं जिवंत, हिरवं मेलेलं. आता तेही राहिलं नाही. कदाचित तिनं ताईला खऱ्या दिव्यापुढून उठवून नेलं होतं, जमाव पांगायच्या जरा आधी. कदाचित नाही.

ती वाफेच्या खोलीत परत गेली. खाली एक नवीन मुलगी आली. तिला पुसण्याबद्दल दोनदा बजावलं गेलं आणि पेनांच्या कड्यांवर रबरी टोप्या चढल्या. मलमानं ताईचं तोंड हळूहळू निवळलं. पूर्ण नाही, पण शब्द न तोडता बोलता येईल इतकं, आणि मुदतीत. साहेबांनी कुरकुरत माईक परत दिला. ताई घरात गुणगुणत फिरते, भावाला सांगते की हिनंच मला वेळेवर उठवलं, आणि दिवेबाई मान खाली घालून ऐकते. गरम पेनाबद्दल बाई काय म्हणाल्या, ते तिनं ताईला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ताई हसेल, सोड गं म्हणेल. म्हणूनच सांगवत नाही.

परवा धुतलेल्या चिमट्यांचा ट्रे घेऊन ती तळमजल्यावर आली तेव्हा घड्याळजी बाकावर होते. रुमालानं ओठ टिपत होते. तिला बघून त्यांनी सरकून जागा केली, बसा म्हणाले. तिनं ट्रे हातातच ठेवला.

तुम्ही नसता तर चैन पडत नाही, असं ते म्हणाले. मग जवळ वाकून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात: "वाढलंय हो. रात्री उशीला रक्त लागतं. बाई म्हणतात सोडायचं तर सोडा, राहायचं तर राहा, तुमची मर्जी. मर्जी काय, मला यातलं काय कळतं. तुम्ही इतके दिवस केलंत. तुम्ही सांगा, सोडू की राहू?"

समोरचा लाल दिवा विझला. आतून कडी निघाल्याचा आवाज आला. नवीन मुलगी दारात येऊन पुढच्याला हाक मारणार होती. घड्याळजींनी हाक यायच्या आधीच चष्मा काढून खिशात ठेवला होता आणि ते दिवेबाईच्या तोंडाकडे बघत होते, बंद पडलेल्या घड्याळाकडे बघावं तसे, धीर धरून, आत कुठेतरी काटा हलेल या आशेनं.

"तुम्हाला सहन होतंय का, ते बघा," ती म्हणाली. "तेवढंच बघा, आजोबा."

त्यांनी मान हलवली. मुलीनं हाक मारली. ते उठले, जरा घुटमळले, आणि आत गेले. कडी लागली. लाल दिवा पुन्हा पेटला. ट्रेमधले चिमटे किणकिणायला लागले तेव्हा तिच्या लक्षात आलं की हात हलतोय.